साथ कशी करावी हे या अल्बममध्ये ऐका

परवा एक मित्र म्हणाला की हे रॉकवाले आफ्रिकन लोकांना घेऊन अल्बम काढतात ती सरळ उचलेगिरी आहे. राग समजू शकतो, पुष्कळदा तसं झालंयही, पण मी त्याला म्हटलं आधी 'टॉकिंग टिंबक्टू' ऐक आणि मग बोलू.

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा गायक-गिटारवाला अली फार्का टुरे आणि अमेरिकेचा राय कूडर. सप्टेंबर १९९३, लॉस एंजेलिस, तीन दिवसांत रेकॉर्डिंग संपलं, १९९४ ला अल्बम आला आणि पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. दोघांच्या नावावर हा एकच अल्बम. कूडर म्हणजे रोलिंग स्टोन्स या रॉक बँडसाठी वाजवलेला स्लाइड गिटारवाला (तारांवर नळी घासून वाजवतात ती), आपल्या विश्वमोहन भट्टांबरोबर 'अ मीटिंग बाय द रिव्हर' केला तोच.

आता मुद्दा. कव्हरवर आधी अलीचं नाव आहे, मग 'सोबत राय कूडर'. आणि ऐकतानाही अगदी तसंच आहे हो! गाणी अलीची, भाषा तिकडच्या, सोंघाई, बंबारा, फुलानी, तमाशेक, लयही अलीचीच, आणि कूडर एवढा मोठा गिटारवाला असून साथीला बसल्यासारखा वाजवतो, म्हणजे गायकाने जागा सोडली की तेवढीच भरायची आणि लगेच मागे सरकायचं. आपल्याकडे चांगल्या पेटीवाल्याला हे कळतं. सगळ्यांना नाही कळत.

ड्रम्सवर जिम केल्टनर, १९७१ च्या बांगलादेश कॉन्सर्टमध्ये वाजवलेला माणूस. पण खरा ठेका हम्मा संकारेच्या कॅलबॅशवर चालतो. अर्धा कापलेला मोठा भोपळा उपडा घालायचा आणि त्यावर हातांनी वाजवायचं. आपल्याकडे भोपळा तंबोऱ्याला सूर देतो, तिकडे तोच ताल देतो, मला हे फार भारी वाटतं. केल्टनर त्या भोपळ्याच्या आजूबाजूला वाजवतो, त्याच्यावर चढत नाही.

आणि 'आय दू' या गाण्यात गेटमाउथ ब्राउनचा व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ! टेक्सासमध्ये वाढलेला काळा ब्लूजवाला, ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. अलीला लोक आफ्रिकेचा जॉन ली हूकर (अमेरिकेचा बडा ब्लूजवाला) म्हणायचे आणि त्याचं म्हणणं असायचं की ब्लूजची मुळं आमच्याकडे आहेत. त्या गाण्यात व्हायोला अलीच्या गिटारशी बोलायला लागतो तेव्हा तो वाद ऐकत बसायची गरजच उरत नाही, दोन दूर गेलेली भावंडं एका ओट्यावर बसल्यासारखी वाटतात. म्हणून याला फ्यूजन म्हटलं की मला राग येतो.

ग्रॅमीनंतर अली जगभर फिरत बसला नाही, नायजर नदीकाठच्या नियाफुंके गावी शेतीवर परतला. पुढचा अल्बम १९९९ चा, तोही गावातच रेकॉर्ड केलेला, जनरेटर लावून. २००४ ला गावाचा मेयर झाला, २००६ मध्ये गेला. २०१२ ला त्याच भागात कट्टर इस्लामी बंदूकवाल्यांनी संगीतावरच बंदी घातली होती, तेव्हा मी हाच अल्बम कितीतरी दिवस लावून ठेवायचो.

शेवटचं 'जाराबी' रात्री हेडफोन लावून ऐका. तुझी आई नको म्हणते कारण माझ्याकडे काही नाही, पण प्रेम तुझ्यावरच आहे, एवढंच गाणं. कूडर कुठे येतो आणि कुठे गप्प बसतो तेवढं लक्ष ठेवा आणि मग मला सांगा, उचलेगिरी कुठे दिसते ते.