अर्ध्या टक्क्याची सबब

आमच्या कुर्ल्याच्या घरातल्या लोखंडी कपाटावर, जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर, गंजाची एक आडवी रेघ आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीचे पाणी घरात तिथपर्यंत चढले होते. कपाटाला दोनदा रंग दिला, तरी ती रेघ पुन्हा वर येते. त्या दिवसाचा सगळा दोष मी हवामान बदलावर टाकणार नाही, कारण मिठीच्या पात्रात भराव घालणारे हात इथलेच होते. मात्र हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते आणि ते कुठेतरी कोसळतेच.

म्हणूनच ‘आमचा देश एवढासा, आमच्या उत्सर्जनाने जगाला काय फरक पडणार?’ ही छोट्या श्रीमंत देशांची सबब मला मुळीच मान्य नाही. नेदरलँड्सच्या सरकारने ती चक्क न्यायालयात मांडली होती. उर्जेंडा ही संस्था आणि शेकडो नागरिक यांनी सरकारविरुद्ध दावा दाखल केला, २०१५ मध्ये हेगच्या जिल्हा न्यायालयात ते जिंकले आणि २० डिसेंबर २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम केला: १९९० च्या तुलनेत २०२० अखेर उत्सर्जन किमान २५ टक्क्यांनी घटलेच पाहिजे. जगाच्या उत्सर्जनात त्या देशाचा वाटा अर्धा टक्काही नाही, पण प्रत्येक देशाने आपल्या वाट्याचे करायलाच हवे, असे न्यायालयाने बजावले. (ते उद्दिष्ट गाठले गेले, त्याला कोरोनाच्या टाळेबंदीचाही हातभार लागला, हे सांगायला हवे.)

दोन टक्क्यांहून कमी वाटा असलेल्या सगळ्या देशांची बेरीज केली, तर ती जगाच्या उत्सर्जनाच्या एक तृतीयांशाच्या आसपास जाते. शिवाय नेदरलँड्समधल्या एका माणसामागचे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन एका भारतीयाच्या सुमारे तिप्पट आहे. १९५९ मध्ये ग्रोनिंगेनला सापडलेल्या नैसर्गिक वायूने त्या देशाला कित्येक दशके पैसा दिला. १९५३ च्या पुरात तिथे अठराशेहून अधिक माणसे दगावली, त्यानंतर त्यांनी समुद्र अडवणारे अवाढव्य बांध उभारले, आणि ते योग्यच केले. आम्ही मात्र कपाट चार विटांवर चढवून ठेवले आहे. ज्याच्याकडे बांधांसाठी पैसा आहे, त्याने धूर कमी करण्यात मागे राहावे, हे मला अन्यायाचे वाटते.

हाच न्याय मी मुंबईलाही लावतो. महापालिकेच्या २०२२ च्या आराखड्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट आहे आणि ‘जगात मुंबईचा वाटा तो केवढा’ असे म्हणून ते बाजूला सारलेले मला चालणार नाही. पण इथे अजून कित्येक घरांना विजेचे बिल भरताना विचार करावा लागतो, त्यामुळे आधी आणि अधिक वेगाने कपात करण्याची पाळी श्रीमंत देशांची आहे. नेदरलँड्सच्याच कायद्यात २०३० पर्यंत ५५ टक्के कपातीचे उद्दिष्ट लिहिलेले आहे. तेवढे तरी त्यांनी पुढे ढकलू नये.