खोकल्याचं व्रत

इंग्लंडातल्या चर्चमध्ये रविवारी दोन जातींचे भाविक येतात, दहाचे आणि आठचे. दहाला ऑर्गन असतो, गाणी असतात, बाकांखालून रांगणारी मुलं असतात. आठला नुसतं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. गाणं नाही, वाद्य नाही, बऱ्याच ठिकाणी प्रवचनसुद्धा नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, "आठच्याला या, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत मोकळे व्हाल." मी भाबडेपणाने हो म्हटलं.

दगडी चर्चचं दार हा पहिला शत्रू. लोखंडी कडी फिरवली की असा खणकन आवाज होतो की आतल्या सगळ्या माना... अजिबात वळत नाहीत. वळल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन-तीनशे माणसं मावतील अशा जागेत जेमतेम दहा जण, तेही असे पांगून बसलेले की एकाचा श्वास दुसऱ्याला लागू नये. बसायचं मागे, पण अगदी शेवटी नाही. पुढे निदान एक पाठ हवी. उठायचं कधी, बसायचं कधी, हे इथे कुणी सांगत नाही. बायबलमधलं पत्र वाचताना बसायचं, शुभवर्तमानाला म्हणजे येशूच्या चरित्राच्या वाचनाला उभं राहायचं, प्रार्थनेला गुडघे टेकायचे, एवढं मला ठाऊक होतं. बाकीसाठी मी एका आजोबांच्या पाठीवर भिस्त ठेवली. पण आजोबांचे गुडघे संपावर होते. ते बसल्या जागी नुसते पुढे झुकायचे, म्हणून मीही झुकायचो. माझ्यासमोर भरतकाम केलेली, गुडघ्याखाली घ्यायची सुंदर उशी टांगलेली होती. तिला शेवटपर्यंत काम मिळालं नाही.

हातात प्रार्थनेचं पुस्तक ('बुक ऑफ कॉमन प्रेयर') मिळतं ते १६६२ सालचं, म्हणजे मजकूर त्या सालचा. त्यातली बरीचशी भाषा सोळाव्या शतकातले इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू आर्चबिशप क्रॅन्मर यांची, आणखी शंभरेक वर्षं जुनी. उपासना पुस्तकाच्या मधूनच सुरू होते. त्या दिवसाची प्रार्थना आणि वाचनं मात्र त्याआधीच्या पानांवर. सगळे एकाच वेळी मागे पानं उलटतात आणि मग पुन्हा पुढे. एवढाच काय तो सामुदायिक आवाज. प्रत जुनी असेल तर राजासाठीच्या प्रार्थनेत राणीच छापलेली असते. तिथे वाचणाऱ्याने स्वतःच 'चार्ल्स' म्हणायचं.

आरतीत शब्द येत नसले तरी टाळ्यांच्या गजरात खपून जातं. इथे पापकबुली सगळ्यांनी मिळून पुटपुटायची असते आणि दहा जणांच्या पुटपुटण्यात अकरावा चुकला की छतापर्यंत ऐकू जातं. खोकला तर अपराधच. घशात खवखव सुरू झाली की माणूस पुढच्या 'आमेन'ची वाट बघतो आणि त्याच्या आडोशाने काय ते उरकून घेतो. दानाच्या पिशवीत नाणं टाकायचं नाही, नोट टाकायची. यात दानशूरपणा काही नाही, तो ध्वनिनियंत्रणाचा खर्च आहे.

मग "तुझ्या मेजाखालचे तुकडे वेचण्याचीही आमची योग्यता नाही" अशी प्रार्थना येते. बरेच जण उपाशीपोटी आलेले असतात. नेमक्या त्या वाक्याला कुणाचं तरी पोट संमतिदर्शक गुरगुरलं. (माझंच होतं, पण शांततेत दिशा कळत नाही.)

नंतर एकेक जण उठून वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकतो. सतराव्या शतकात हे कठडे बसवताना एक हेतू कुत्री वेदीपर्यंत पोचू नयेत हाही होता. दुसऱ्या पंथाच्या चर्चचा बाप्तिस्मा झालेला नियमित सभासद असेल तर त्यालाही भाकर आणि द्राक्षारस मिळतो. बाप्तिस्मा न झालेल्या माझ्यासारख्याने जागेवर बसावं, किंवा पुढे जाऊन पुस्तक हातात धरून मान खाली घालावी. मग व्हिकर, म्हणजे तिथले धर्मगुरू, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. मी मान इतकी खाली घातली की त्यांना डोकं शोधावं लागलं.

पुस्तक म्हणतं, भाकर मिळेल तितक्या उत्तम गव्हाची असावी. प्रत्यक्षात बहुधा कागदाइतकी पातळ चकती असते. प्याला सगळ्यांचा एकच. प्रत्येकाच्या घोटानंतर कडा पांढऱ्या कापडाने पुसतात आणि प्याला जरा फिरवतात. मार्च २०२० मध्ये करोनामुळे तो बंद करावा लागला होता. पवित्र केलेलं उरलं तर चर्चबाहेर न्यायचं नाही, तिथेच संपवायचं असाही नियम आहे. त्यामुळे पावणेनऊच्या आत व्हिकर गंभीर चेहऱ्याने उरलेला द्राक्षारस पिऊन टाकतात, आणि कुणी हसत नाही.

पुस्तकात आणखी एक कलम आहे: लहानशा गावातसुद्धा व्हिकरबरोबर प्रभुभोजन घेणारे चार, निदान तीन जण नसतील तर ते करायचंच नाही. मी गणपूर्तीत मोजला जात नव्हतो, तरी बाहेर पडताना व्हिकरनी माझा हात असा दाबला की जणू कोरम माझ्यामुळेच भरला.

आणि बाहेर? तीच माणसं थडग्यांमध्ये उभी राहून खणखणीत आवाजात गुडघे, कुंपणं आणि गळणारं छप्पर यांवर तुटून पडली. आजोबा तर सर्वांत मोठ्याने. मी बाईंना विचारलं, "तुम्ही दहाला कधी जात नाही?"

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिथे मध्येच एकमेकांशी हात मिळवावे लागतात हो."