आधी खर्डा, मग पुस्तकं

"लिहायला शिकायचंय, कोणती पुस्तकं वाचू?" असं मला वरचेवर कुणी ना कुणी विचारतं. मी उलट एवढंच विचारते, "पहिला खर्डा झालाय का?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "नाही अजून. आधी थोडा अभ्यास करावा म्हटलं." हा 'आधी अभ्यास' माझ्या मते नव्या लेखकाचं सगळ्यात मोठं नुकसान करतो. लेखनकलेवरची पुस्तकं मला जिवाभावाची आहेत, पण ती खर्डा पुरा झाल्यावर वाचावीत. स्वतःची चुकलेली 50 पानं समोर असली की त्या पुस्तकांतलं वाक्य न् वाक्य बोलायला लागतं. समोर काहीच नसेल तर तीच पुस्तकं नुसता धाक घालतात.

हे मी अनुभवानं सांगतेय. कादंबरी लिहायची ठरवल्यावर मी दोन वर्षं फक्त वाचत होते. पात्रं कशी उभी करावीत, संवाद कसे लिहावेत, सुरुवात कुठून करावी, सगळ्याच्या टिपा काढल्या. वह्या भरल्या आणि कादंबरीचं एक पानही झालं नाही. वाक्य लिहायच्या आधीच त्याचे दोष दिसायला लागले होते. ती दोन वर्षं गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

या नियमाला माझ्याकडे दोनच अपवाद आहेत. पहिलं पुस्तक डोरोथिया ब्रँडचं 'बिकमिंग अ रायटर', 1934 सालचं. तंत्राबद्दल त्यात फारसं काही नाही. लिहायला बसणं हीच खरी अडचण आहे, हे मात्र तिनं नेमकं ओळखलं. तिचे व्यायाम दोन. सकाळी अर्धा तास लवकर उठायचं आणि कुणाशी बोलायच्या, काही वाचायच्या आत लिहायला लागायचं. दुसरा व्यायाम जास्त कठीण. उद्या अमुक वाजता पंधरा मिनिटं लिहीन असा स्वतःला शब्द द्यायचा आणि काहीही झालं तरी तो पाळायचा. वारंवार प्रयत्न करूनही हे जमलं नाही तर लिहिणं सोडून द्या, असं ती सरळ सांगते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तिचा राग आला होता. आज वाटतं, एवढं खरं बोलणारे गुरू कमी भेटतात.

दुसरं अ‍ॅन लॅमॉटचं 'बर्ड बाय बर्ड' (1994). नावामागची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. तिच्या दहा वर्षांच्या भावाला शाळेसाठी पक्ष्यांवर निबंध लिहायचा होता. हातात तीन महिने होते, पण त्यानं काहीच केलं नव्हतं आणि निबंध दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. तो रडकुंडीला आला, तेव्हा वडील शेजारी बसून म्हणाले, एकेक पक्षी घेत जा. तिच्या टेबलावर एक इंचाची फोटोची चौकट असते. आज या चौकटीतून दिसेल तेवढंच लिहायचं, याची ती आठवण. पहिला खर्डा वाईटच असतो, सगळ्यांचाच असतो, हे तिनं ज्या मायेनं सांगितलंय त्या मायेनं मला कुणी सांगितलं नव्हतं. ही दोन पुस्तकं लिहायला बसवतात. बाकीची कपाटात राहू द्या.

आता खर्डा झाला असं धरू. इथून मात्र पुस्तकांसारखा सोबती नाही, आणि माझा सगळा जीव या भागात आहे.

लेखन शिकवणाऱ्या विल्यम झिन्सरच्या 'ऑन रायटिंग वेल'मध्ये (1976) मला सगळ्यात मोलाची वाटतात ती दोन पानं. त्यानं याच पुस्तकाच्या हस्तलिखिताची दोन पानं खाडाखोडीसकट छापली आहेत. ती पहिल्या खर्ड्याची वाटतात, पण तोवर ती चार-पाच वेळा लिहून झालेली होती. तरीही जवळजवळ प्रत्येक ओळीत काहीतरी खोडलेलं आहे. छापील पुस्तकात आपल्याला नितळ वाक्य दिसतं, त्यामागची झटापट दिसत नाही. ती बघायला मिळाली आणि स्वतःच्या खाडाखोडीची मला लाज वाटेनाशी झाली.

त्याची आणखी एक युक्ती मी रोज वापरते. विद्यार्थ्यांच्या लेखनातले निकामी शब्द तो खोडत नसे, त्यांच्याभोवती कंस करत असे. शब्द जागेवर राहतो आणि त्याच्याशिवाय वाक्य वाचून बघता येतं. माझ्या खर्ड्यातला हा तुकडा बघा: "ती दार उघडून आत आली. तिला खूप भीती वाटत होती. तिचे हात थरथरत होते. खोलीत कुणीच नव्हतं, ती अगदी एकटी होती." कंसात काय जाईल? भीतीचं अख्खं वाक्य, कारण थरथरणारे हात ते सांगतातच. 'अगदी एकटी होती' हेही, कारण कुणीच नव्हतं म्हटल्यावर ती एकटीच असणार. उरतं ते असं: "ती दार उघडून आत आली. तिचे हात थरथरत होते. खोलीत कुणीच नव्हतं." एकवीस शब्दांचे बारा झाले आणि भीती वाढली. हे पहिल्यांदा स्वतःच्या पानावर घडताना पाहिलं त्या संध्याकाळी मी उठलेच नाही. कंस करत करत तिसऱ्या प्रकरणापर्यंत पोचले.

झिन्सरनं इंग्रजीतलं तण दाखवलं. आपल्या भाषेतलं तण आपणच शोधायचं. 'वास्तविक पाहता', 'एक प्रकारे', 'असं म्हणायला हरकत नाही', 'च्या माध्यमातून', 'च्या संदर्भात', आणि 'करण्यात आले', 'देण्यात येईल' ही सगळी कचेरीतून आलेली क्रियापदं. ललित लेखनातही ती नकळत शिरतात. 'पत्र पाठवण्यात आलं' असं लिहिलं की पत्र पाठवणारा माणूसच वाक्यातून नाहीसा होतो.

स्टीफन किंगचं 'ऑन रायटिंग' (2000) बहुतेकांनी त्याच्या आयुष्याच्या कहाणीसाठी वाचलेलं असतं. मी सांगेन, शेवटाकडची पानं उघडा. तिथं त्यानं '1408' या कथेची सुरुवात आधी कच्ची दिली आहे, मग दुरुस्त्यांसकट, आणि प्रत्येक दुरुस्तीचं कारणही सांगितलं आहे. हॉटेलच्या व्यवस्थापकाचं नाव आधी ऑस्टरमायर होतं, ते त्यानं ओलिन केलं. तेवढ्यानं कथा पंधराएक ओळींनी आखूड झाली, आणि कथेच्या ध्वनिमुद्रणात स्वतः वाचताना तेच लांबलचक नाव पुन्हा पुन्हा उच्चारायची वेळही टळली. इतकं साधं कारण! संपादन म्हणजे काहीतरी गूढ असतं हा माझा समज या पानांनी घालवला. खर्डा निदान सहा आठवडे बंद करून ठेवा आणि दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा दहा टक्क्यांनी लहान असू द्या, हे त्याचे दोन सल्ले मी तंतोतंत पाळते. सहा आठवड्यांनी आपलंच पान परक्याचं वाटायला लागतं, आणि परक्याच्या चुका आपल्याला लगेच दिसतात.

त्याच्या एका सल्ल्याशी मात्र मी भांडते. क्रियाविशेषणांवर त्याचा भारी राग आहे. इंग्रजीत तो समजण्यासारखा आहे, तिथली बरीचशी क्रियाविशेषणं विशेषणाला शेपूट लावून तयार होतात आणि दुबळ्या क्रियापदाला टेकू देतात. आपल्याकडची वेगळी आहेत. टचकन, खुदकन, सर्रकन, धाडकन, मुळूमुळू. यांत आवाज आहे, वेग आहे, अख्खं चित्र आहे. 'तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं' यातला 'टचकन' काढा आणि वाचून बघा. पाणी तेवढंच, पण ते येण्याचा क्षण गेला. तेव्हा 'अत्यंत', 'पूर्णपणे', 'प्रचंड' यांच्यावर खुशाल कुऱ्हाड चालवा, 'टचकन'ला हात लावू नका. परभाषेतला नियम घेताना तो मुळात कोणत्या दुखण्यावरचं औषध आहे हे आधी बघायला हवं. स्ट्रंक आणि व्हाइटचं 'एलिमेंट्स ऑफ स्टाइल' हे इंग्रजी लेखनशैलीवरचं छोटं पुस्तकही मी त्यामुळेच सरसकट सुचवत नाही. अनावश्यक शब्द गाळा, ही त्यातली आज्ञा सोन्यासारखी आहे. बाकी बरंचसं इंग्रजी व्याकरण आहे.

कथा-कादंबरी लिहिणाऱ्यानं एकच पुस्तक घ्यायचं म्हटलं तर रेनी ब्राउन आणि डेव्ह किंग यांचं 'सेल्फ-एडिटिंग फॉर फिक्शन रायटर्स' (1993) घ्यावं. दोघेही पेशानं संपादक. समजावून सांगायचा मोह आवरा, हे त्यांचं पालुपद आहे. संवादात राग दिसत असताना 'तो रागानं म्हणाला' कशाला? दुसरी गोष्ट त्यांनी गणितासारखी मांडली आहे: एक अधिक एक बरोबर अर्धा. एकच परिणाम साधायला दोन उपमा वापरल्या तर परिणाम दुप्पट होत नाही, निम्मा होतो. मला हे पटायला वेळ लागला, कारण उपमा सुचली की ती टाकवत नाही. आता दोन सुचल्या की मोठ्यानं वाचते आणि जी वाचताना जीभ अडखळते ती काढते.

मोठ्यानं वाचण्यावरून कादंबरीकार अर्सुला ले ग्विन आठवली. तिच्या 'स्टिअरिंग द क्राफ्ट'ची (1998) सुरुवातच लेखनाच्या नादापासून होते. त्यातले व्यायाम खर्डा झाल्यावर एकेक करून बघा. पानभर वर्णन लिहा, एकही विशेषण किंवा क्रियाविशेषण न वापरता. आधी लिहिलेला मोठा तुकडा घ्या आणि बरोब्बर निम्मा करा. हा निम्म्याचा व्यायाम फार जिवावर येतो. म्हणूनच तो करा.

दुसऱ्याच्या हस्तलिखितावर संपादकानं काय केलं ते बघायचं असेल तर टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड'च्या मूळ खर्ड्यांची हुबेहूब प्रत 1971 साली पुस्तकरूपात निघाली, ती मिळवा. 1922 साली छापून आलेल्या कवितेवर त्याआधी त्याचा कवी-मित्र एझरा पाउंडनं केलेल्या खुणा त्यात दिसतात. चौथ्या भागातली लांबलचक समुद्रप्रवासाची हकीकत गेली आणि फक्त 10 ओळी उरल्या. इतकी कापाकापी झाल्यावर एलियटला वाटलं, मग या 10 ओळी तरी कशाला? पाउंडनं त्या राखायला लावल्या. कापणारा हात तोच आणि राखणारा हातही तोच, हे मला फार भावतं.

आता प्रकाशनाकडे. 'पुस्तक कसं प्रकाशित करावं' छापाची बहुतेक पुस्तकं लवकर शिळी होतात, म्हणून मी त्याऐवजी संपादकांचे अनुभव वाचायला सांगते. डायना अ‍ॅथिलचं 'स्टेट' (Stet, 2000) यात अव्वल. लंडनच्या प्रकाशनव्यवसायात तिनं जवळजवळ पन्नास वर्षं काढली. नावातला 'स्टेट' म्हणजे मुद्रितशोधनातली खूण: खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची, म्हणजे 'हे राहू द्या'. संपादकाच्या खुर्चीतून लेखक कसे दिसतात, चांगलं पुस्तकही का खपत नाही, एखादं हस्तलिखित नाकारताना काय वाटतं, हे ती निर्मळपणे सांगते. बेट्सी लर्नरचं 'द फॉरेस्ट फॉर द ट्रीज' (2000) तिच्या शेजारी ठेवा. ती आधी संपादक होती, नंतर लेखकांची एजंट झाली. पुस्तकाच्या पहिल्या भागात तिनं लेखकांचे स्वभाव रेखाटलेत, आणि त्यातला दहा गोष्टी सुरू करून एकही न संपवणारा लेखक वाचताना मला माझ्या वह्या आठवल्या. पैसा, हक्क, करार यांचा रोखठोक विचार हवा असेल तर जेन फ्रीडमनचं 'द बिझनेस ऑफ बीइंग अ रायटर' (2018) आहे. त्यातली व्यवस्था अमेरिकेची आहे, पण लेखनाला व्यवसाय म्हणून बघायची तिची नजर कुठल्याही लेखकाला उपयोगी पडेल.

माझी कादंबरी पहिल्यांदा 'साभार परत' आली तेव्हा संपादन-प्रकाशनावरचं यातलं एकही पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. खर्डा संपला त्याच आठवड्यात मी ती पाठवून दिली होती. एका प्रकाशनसंस्थेकडून दोन ओळींचं पत्र आलं, कारण काही दिलेलं नव्हतं. मी कित्येक दिवस कुणाशी धड बोलले नाही. आठ महिन्यांनी तेच बाड उघडलं आणि पहिल्या 30 पानांत काहीही घडत नाही हे मला दिसलं. कुणी सांगायची गरजच नव्हती. ती 30 पानं काढली. त्यांतले दोन परिच्छेद पुढे 90व्या पानावर कामी आले, बाकीचं गेलं. दुसऱ्यांदा पाठवली तेव्हा संपादकाचा फोन आला. नकार नव्हता, होकारही नव्हता, प्रश्न होते. त्या प्रश्नांवर मी आणखी पाच महिने काम केलं, आणि मग करार झाला.

परवा एकीनं तोच प्रश्न विचारला. खर्डा झालाय का म्हटल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, "झालाय. 140 पानं. चार महिने झाले, उघडायची हिंमत होत नाही." मी तिला ब्राउन आणि किंगचं पुस्तक सुचवलं आणि सगळी पानं कागदावर छापून घे म्हणून सांगितलं. पहिल्या दिवशी पेन्सिल घ्यायची नाही, नुसतं मोठ्यानं वाचायचं. काल रात्री तिचा निरोप आला. 22 पानं वाचून झाली आहेत.