घर विकणे आहे (दोघांपैकी एकाला)

घटस्फोट घ्यायचं नक्की झालं ना? छान. आता घर विकायचं. बसा. पाणी हवं असेल तर आपल्या वाटणीच्या माठातलं घ्या.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. घर विकायला काढायचं, पण विकू द्यायचं नाही. घर विकलं की भांडायला उरतं काय? सोन्याचा हिशेब दोन तारखांत मिटतो, गाडीची किंमत भांडण संपेपर्यंत निम्मी होते. कोथरूडातला दोन बेडरूमचा फ्लॅट मात्र पिढीजात वैराइतका टिकतो, आणि वर त्याचा भाव वाढत राहतो.

सुरुवात रोज सकाळी चहाच्या आधी करा. 'कायद्यानं अर्धं माझं' हे वाक्य मोठ्यानं म्हणा. असा कायदा आपल्याकडे नाही, ही किरकोळ बाब. लग्न झालं म्हणून मिळकत आपोआप निम्मी होत नाही. करारावर नाव कोणाचं, पैसे कोणी घातले, हप्ते कोणाच्या खात्यातून गेले, हे सगळं बघतात. नवरा-बायकोची मिळकत सामायिक धरायची पद्धत आहे ती गोव्यात, पोर्तुगीजांच्या नागरी संहितेतून आलेली. हनिमूनला तुम्ही गोव्यालाच गेला होतात. तेव्हा चौकशी करायची सोडून फेणीचे भाव विचारत बसलात.

आणि घर एकट्या तुमच्या नावावर असेल, तर बायकोला 'उद्याच्या उद्या बाहेर हो' म्हणून बघाच. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलाय, कागदावर नाव असो-नसो. कायदेशीर मार्गाशिवाय तिला हलवता येत नाही. हे मी फुकट सांगतोय. तुमचे वकीलही सांगतील, पण मी सांगितलेल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, त्यामुळे फी भरून ऐका.

परस्पर संमतीचा रस्ता म्हणजे पळपुटेपणा, हेही लक्षात असू द्या. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात 1976 साली ती सोय घातली. वर्षभर वेगळं राहायचं, दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग सहा महिने थांबायचं. हे सहा महिनेसुद्धा योग्य प्रकरणात माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं. म्हणजे दोन शहाणी माणसं दीड-पावणेदोन वर्षांत मोकळी. तुम्ही स्वतःला शहाण्यात धरता का, ते तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही पाच वर्षं घेतली.

वेगळं राहायचं म्हणजे वेगळ्या घरातच राहायला हवं असं नाही. एका छताखाली राहूनही नवरा-बायकोसारखं न राहिलं तर ते वेगळं राहणंच, असा निकाल 1991 चा आहे. त्यामुळे घर सोडायचं नाही. सोडलं की ताबा गेला! फ्रिजचे कप्पे वाटून घ्या. आमच्याकडे वरचे दोन कप्पे तिचे, खालचे दोन माझे, आणि दारातलं अंड्याचं खण वादग्रस्त प्रदेश. तिथे आठ महिने एक अर्धं लिंबू होतं. शेवटी ते लाकडासारखं वाजायला लागलं, पण दोघांनीही हलवलं नाही. हलवणं म्हणजे हक्क सोडणं.

आता गिऱ्हाईक. एजंट एक नेमू नका, दोन नेमा. तुमचा 95 लाख सांगेल, तिचा सव्वा कोटी. एकच फ्लॅट, त्याच हॉलचे फोटो, एकात सोफा डावीकडे नि एकात उजवीकडे. गिऱ्हाइकाला वाटतं एकाच मजल्यावर दोन फ्लॅट रिकामे होताहेत, म्हणजे इमारतीतच काही तरी आहे. पितृपक्षात तर कोणी फिरकतच नाही, त्यामुळे घाईची सगळी पत्रं त्याच पंधरवड्यात पाठवा.

बघायला आले की घरात हजर राहा. दोघंही. आमच्याकडे चिंचवडचं एक कुटुंब आलं होतं; नवरा-बायको आणि त्याची आई. एजंटनं जिन्यातच पढवलं होतं, 'साहेब-मॅडम परदेशी चाललेत.' मी हॉलमध्ये पेपर घेऊन बसलेलो, ती स्वयंपाकघराच्या दारात. बाईंनी सहज विचारलं, "कुठे जाताय?" मी म्हणालो कॅनडा, ती म्हणाली सिंगापूर. एकाच वेळी. एजंट भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागला. ते घड्याळही बंद होतं, कारण सेल कोणी आणायचा हा प्रश्न वर्षभर प्रलंबित होता.

म्हातारीनं मात्र बरोबर ओळखलं. तिनं फ्रिज उघडला (दुसऱ्याचा फ्रिज उघडू नये, हे चिंचवडला कोणी शिकवत नाही का?), कप्प्यांवरच्या चिकटपट्ट्या वाचल्या, लिंबाकडे एक नजर टाकली आणि सुनेला म्हणाली, "घर चांगलंय गं. हवा खेळती आहे." मग माझ्याकडे वळून, "किती कमी कराल?"

तिथे कमी करायचं नाही. कमी केलं की समोरची बाजू म्हणणार, विकायची घाई झालीय, म्हणजे कोणी तरी आहे.

गिऱ्हाइकाचा वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देईल, कोणाची हरकत असल्यास अमुक दिवसांत कळवावे म्हणून. पुण्यात बातम्या लोक चाळतात, जाहीर नोटिसा वाचतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यापासून निवृत्त हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना तुमचा सर्व्हे नंबर पाठ असतो. अशा वेळी स्वतःच हरकत घ्या. आपल्याच घराच्या विक्रीला आपणच हरकत घेण्यात जो मान आहे, तो विकून मिळत नाही.

एक धोक्याचा इशारा मात्र देऊन ठेवतो. कोणी भला माणूस भेटेल आणि म्हणेल, अहो, एकानं घर ठेवा, दुसऱ्यानं मोकळं व्हा. महाराष्ट्रात नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला राहतं घर बक्षीसपत्रानं दिलं, तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, वर अधिभार काय असेल तो. कर्ज असेल तर बँकेची संमती घ्यायची, इतकंच. ऐकू नका! हुकूमनामा हातात येईपर्यंत थांबा. मग तुम्ही कायद्यानं परके होता, आणि पुण्यात परक्याला घर द्यायचं तर सगळं मिळून 7 टक्के, घेणारी बाई असेल तर 6. ऐंशी लाखांच्या घराचा निम्मा हिस्सा 40 लाख, त्याचे 7 टक्के 2 लाख 80 हजार. 200 रुपयांत नातं होतं तोवर कोणाला पडली होती?

बँकेकडे जायची हौस असेल तर जाऊन या. तुम्ही सांगाल, साहेब, आम्ही आता नवरा-बायको नाही. साहेब म्हणतील, असू दे, कर्जदार आहात ना? बँकेच्या लेखी तुमचं लग्न कर्ज फिटेपर्यंत टिकतं. हप्ता बुडाला की दोघांचाही सिबिल स्कोअर पडतो, मग कोर्टात कोणी कितीही जिंको. मी एकदा मुद्दाम हप्ता चुकवला, तिला अद्दल घडावी म्हणून. घडली. मला स्कूटरचं कर्ज नाकारलं.

सोसायटीला विसरू नका. हस्तांतरणाचं प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25 हजार घेता येतं, असा शासनाचा 2001 चा आदेश आहे. त्यामुळे बाकीची रक्कम तुम्ही ऐच्छिक देता. ऐच्छिक किती, ते कमिटी ठरवते. शिवाय सेक्रेटरींना दोघांपैकी कोणाचं खरं, यात मनापासून रस असतो, आणि ना-हरकत पत्रावर सही करताना ते तो विषय काढतातच.

तारखेला मेट्रोनं जा, शिवाजीनगरला गाडी लावायला जागा मिळत नाही. मेट्रोच्या दोन मार्गिका एकमेकींना भेटतात ते स्टेशन जिल्हा न्यायालयाचं. मी वनाजच्या बाजूनं यायचो, ती माहेराहून, स्वारगेटच्या बाजूनं. बाकीचं पुणं तिथे गाडी बदलतं.

खरी मजा सामानाच्या यादीत आहे. घराचा सौदा ठरला तरी यादीवर अडवता येतं. आमची यादी 112 जिन्नसांची. दिवाण, कपाटं, तांब्याचा बंब भराभर मिटले. अडकलो 43 नंबरवर: विळी, खवणीसह. लाकडी पाट, डाव्या कोपऱ्याला जळल्याचा डाग. ती म्हणाली आईनं रुखवतात दिली. मी म्हणालो माझ्या आजीची, मंडईच्या बाजूच्या एका दुकानातून घेतलेली. मला विळीवर बसता येत नाही, तिला ओल्या नारळाचं पथ्य होतं. पाच तारखा झाल्या. वकिलांनी पाच वेळा फी घेतली, समुपदेशक बाईंनी पाच वेळा डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. त्या पैशांत लोखंडी विळ्यांचं दुकान थाटता आलं असतं. सहाव्या तारखेला ती म्हणाली, ठेव तुला. मी लगेच म्हणालो, नको, तूच ठेव. यावर आणखी दोन तारखा.

शेवटी घर गेलं त्या चिंचवडकरांनाच, म्हातारीनं पहिल्या दिवशी मनात धरलेल्या भावाला. सुनेचं एकटीचं नाव घातलं, 1 टक्का वाचवला. दोघांच्या नावावर घेतलं असतं तर कर कापून भरायला दोन घेणारे, दोन विकणारे, असे चार फॉर्म झाले असते. म्हातारी म्हणाली, कशाला एवढी नावं. नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात आम्ही शेजारी बसून अंगठे दिले. कॅमेऱ्यात बघा म्हणाले, दोघंही बघितलं. लग्नाच्या फोटोत ती दुसरीकडे बघत होती.

महिन्याभरानं माझी काही टपालं तिथे आली होती, ती आणायला गेलो. हॉलला पिस्त्याचा रंग दिलाय. घड्याळ चालू आहे. म्हातारीनं बसवून घेतलं, "पोहे खाल्ल्याशिवाय जायचं नाही." आत खरखर ऐकू आली आणि मी ओळखली. माळ्यावर राहिली असणार. न्यायची कोणी, हे शेवटपर्यंत ठरलंच नव्हतं.

पोह्यांवर खोबरं भरपूर होतं, जरा जाडसर. त्या खवणीचे दोन दाते वाकडे आहेत. मला म्हातारीला सांगता आलं असतं, पण मी आणखी थोडे पोहे मागितले.