पैसे मागितले नाहीत, म्हणून नोकरी खरी?

नोकरीच्या फसवणुकीबद्दल एक मजकूर कितीतरी वर्षं ग्रुपांवर फिरतोय. शब्द बदलतात, गाभा तोच. पैसे मागितले तर जाहिरात खोटी, नाही मागितले तर खरी. जीमेलचा पत्ता आणि इंग्रजीच्या चुका दिसल्या की समजा गडबड. लेटरहेड, शिक्का, जीएसटी नंबर असेल आणि ऑफिसात प्रत्यक्ष बोलावलं असेल तर बिनधास्त जा. परदेशी जायचं तर एजंट ‘रजिस्टर्ड’ आहे का एवढं विचारा. आणि शेवटी ठरलेला टोला: हव्यास करणारेच फसतात.

भरतीचे फॉर्म, हॉलतिकिटं, जॉइनिंग लेटरच्या झेरॉक्स हे सगळं माझ्या टेबलावरून रोज जातं, म्हणून हा मजकूर माझ्याकडेही रोज येतो. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. अडचण अशी की या यादीतल्या बहुतेक खुणा ठगाच्या स्वतःच्या हातातल्या आहेत. लेटरहेड तोच छापतो, ऑफिसचा पत्ता तोच देतो, पैसे कधी मागायचे तेही तोच ठरवतो. त्याने मांडलेल्या वस्तूंवरून त्याचीच परीक्षा घ्यायला निघालो तर निकाल काय लागणार?

‘पैसे मागितले नाहीत म्हणजे खरी’

ही समजूत लोकांच्या डोक्यात किती पक्की आहे हे ठगांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. घरबसल्या कामाचा मेसेज येतो. यूट्यूबचे व्हिडिओ लाइक करा, गूगल मॅपवर हॉटेलांना पाच तारे द्या, प्रत्येकाचे पन्नास रुपये. मुलगी तीन व्हिडिओ लाइक करते, स्क्रीनशॉट पाठवते आणि दीडशे रुपये खरोखरच खात्यात येतात. मागणं राहिलं बाजूला, वर पैसे मिळाले! मग तिला टेलिग्रामच्या ग्रुपात घेतात. तिथे बरेच जण दिवसभर आपापल्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात. ते त्याच टोळीचे. एक-दोन दिवसांनी ‘प्रीपेड टास्क’ सुरू होतो. हजार भरा, तेराशे घ्या. तेराशे येतात. पाच हजार भरले की साडेसहा येतात. पुढचा टास्क मात्र मोठा, तीन टप्प्यांचा, आणि तिन्ही टप्पे भरल्याशिवाय आधीचे पैसे सुटत नाहीत. ॲपमध्ये तिच्या नावापुढे भलीमोठी रक्कम दिसते. काढायला गेली की आधी टॅक्स भरा. टॅक्स भरला की ‘तुमचा क्रेडिट स्कोअर घसरलाय’, म्हणून आणखी भरा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने असल्या पार्ट-टाइम कामाच्या आणि गुंतवणुकीच्या शंभराहून जास्त वेबसाइट बंद केल्या. मेसेज अजून येतच आहेत.

यात एक गोष्ट कोणी फारशी बघत नाही. पैसे पाठवताना समोर येणारं नाव दर वेळी वेगळं असतं. एकदा कुठलेसे ट्रेडर्स, एकदा किराणा दुकान, एकदा कोणा बाईचं साधं बचत खातं. ही भाड्याची खाती. आणि खातं भाड्याने देणं हीसुद्धा ‘नोकरी’ म्हणूनच विकली जाते: पेमेंट प्रोसेसिंगचं काम आहे, पैसे तुमच्या खात्यात येतील, ते पुढे पाठवा, दोन टक्के तुमचे. इथे उमेदवाराकडून एक पैसा घेत नाहीत. मग एके दिवशी एटीएम चालत नाही, बँकेत विचारलं तर कळतं की दुसऱ्या कुठल्या तरी राज्याच्या सायबर पोलिसांनी खातं गोठवलंय. तक्रारदार तिसराच कोणीतरी असतो आणि कागदावर आरोपी हा. ‘मला नोकरी होती हो’ हे सांगायला हातात एका व्हॉट्सॲप चॅटशिवाय काही नसतं.

तिसरा प्रकार याहून भयंकर. २४ सप्टेंबर २०२२ रोजी परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता. थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ म्हणून चांगला पगार दाखवायचा, सोशल मीडियावरच्या जाहिराती आणि दुबईतले-भारतातले एजंट यांच्यामार्फत आयटीवाली पोरं गोळा करायची, आणि बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये न्यायची. तिथे कुंपणाच्या आत कोंडून जगभरच्या लोकांना ऑनलाइन फसवण्याचं काम करायला लावायचं. माणूसच हवा असेल तर त्याच्याकडून फी कशाला मागायची? मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी लागोपाठ दोन दिवसांत २८३ आणि २६६ भारतीयांना म्यानमारच्या सीमेलगतच्या थायलंडच्या माए सोतहून परत आणलं. जाताना त्यांना मिळालेली ऑफर दिसायला साफ होती.

हाच नियम उलटा लावला तरी फसतो. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि फी होती खुल्या गटाला १,००० रुपये, राखीव गटाला ९००. फीबद्दल उमेदवारांनी आरडाओरडा केला, रास्तच केला, पण भरती शंभर टक्के खरी होती. तेव्हा ‘पैसे घेतात का’ हा प्रश्न अर्धाच आहे. पैसे कोणाच्या खात्यात, कुठल्या पानावरून आणि कशाबद्दल जातायत, हे विचारायला हवं. परीक्षा शुल्क अधिकृत पोर्टलवर अर्ज भरतानाच जातं. निवड झाल्यावर फाइल चार्ज, लॅपटॉपचं डिपॉझिट, गेट पास, युनिफॉर्म, ‘रिफंडेबल’ सिक्युरिटी असं काही कोणा माणसाच्या यूपीआयवर मागितलं, की तिथेच फोन ठेवा.

‘ऑफिसात बोलावलं, मेडिकल झालं, ट्रेनिंग दिलं’

२०२२ चं दिल्लीतलं प्रकरण वाचल्यावर हा मुद्दा कोणी पुढे करू नये. तामिळनाडूतल्या २८ तरुणांना रेल्वेत टीटीई, ट्रॅफिक असिस्टंट, क्लार्क अशा नोकऱ्या लावतो म्हणून दिल्लीला नेलं. कनॉट प्लेसच्या रेल्वे सेंट्रल हॉस्पिटलमध्ये मेडिकलसाठी बोलावलं. शंकर मार्केटमधल्या उत्तर रेल्वेच्या ज्युनिअर इंजिनिअरच्या कार्यालयात कागदपत्रं पडताळायला नेलं. पत्ते सगळे खरे. मग प्रशिक्षण: नवी दिल्ली स्टेशनच्या वेगवेगळ्या फलाटांवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायचे. रोज आठ तास, सुमारे महिनाभर. प्रत्येकाने २ लाखांपासून २४ लाखांपर्यंत मोजले होते, एकूण २.६७ कोटी. हातात प्रशिक्षणाचे आदेश होते, ओळखपत्रं होती, प्रमाणपत्रं होती, नेमणुकीची पत्रंसुद्धा होती. ती घेऊन रेल्वेकडे गेले तेव्हा कळलं की सगळे कागद बनावट.

फलाट सगळ्यांसाठी उघडा असतो. वही-पेन घेऊन डबे मोजणाऱ्याला कोण हटकणार? सरकारी इमारतीचंही तेच. दवाखान्याच्या ओपीडीत, मंत्रालयाच्या फाटकाबाहेर, महापालिकेच्या व्हरांड्यात कोणालाही भेटायला बोलावता येतं. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, फाइल मी आत देऊन येतो’ म्हणत आत जाऊन चहा पिऊन परत येणारी माणसं महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याला ठाऊक आहेत. खाजगीत तर आणखी सोपं: काचेच्या केबिनी आता तासाच्या भाड्यानेही मिळतात.

‘लेटरहेड, शिक्का, जीएसटी, वेबसाइट’

टेबलावर येणारी बनावट पत्रं आता एका छापाची झाली आहेत. वर तीन-तीन बोधचिन्हं, मधोमध फिकट वॉटरमार्क, खाली निळा गोल शिक्का, आणि पगाराचा तक्ता इतका तपशीलवार की बेसिक, एचआरए, पीएफ वेगवेगळं मांडलेलं. खरं पत्र इतकं नटत नाही. पण नजर जायला हवी ती शेवटच्या परिच्छेदावर. रुजू होण्याची तारीख चार दिवसांवर, त्याआधी ‘डॉक्युमेंटेशन’साठी अमुक रक्कम, आणि खातं व्यक्तीच्या नावाचं. संपर्काला एकच मोबाइल नंबर. कंपनीचा बोर्ड नंबर कुठेही नाही.

जीएसटी नंबर आणि कंपनीचा नोंदणी क्रमांक कोणालाही ऑनलाइन शोधता येतो, म्हणजे कोणालाही उचलून पत्रावर छापता येतो. त्यावरून कंपनी अस्तित्वात आहे एवढंच कळतं. फोनवर बोलणारा गृहस्थ त्या कंपनीचा आहे, हे त्यावरून कसं ठरणार? वेबसाइटच्या पत्त्याआधीचं कुलूप तर बनावट साइटलाही फुकट मिळतं. सर्व शिक्षा अभियानाच्या नावाने शिक्षकभरतीची साइट काढून अर्जदारांकडून पैसे घेतल्याचे प्रकार झाले आणि शिक्षण मंत्रालयाला त्या साइटची नावं जाहीर करावी लागली. बरं, ‘गव्ह डॉट इन नाही म्हणजे खोटी’ असंही म्हणता येत नाही. महावितरणची खरी साइट महाडिस्कॉम डॉट इन आहे.

राहिल्या इंग्रजीच्या चुका आणि जीमेल. भोसरी-चाकणच्या कितीतरी खऱ्या वर्कशॉपचा कारभार जीमेलवरच चालतो आणि मालकाचं इंग्रजी यथातथाच असतं. उलट ठगांची इंग्रजी पत्रं आता यंत्र लिहून देतं, स्वल्पविरामासकट निर्दोष. चुका शोधत बसणाऱ्याला खरा वर्कशॉपवाला खोटा वाटेल आणि ठग खरा.

पत्र खरं की खोटं हे पत्रावर लिहिलेलं नसतं. पत्रातला नंबर आणि लिंक बाजूला ठेवा. कंपनीची साइट स्वतः शोधा, तिथल्या करिअरच्या पानावर हे पद आहे का बघा, तिथल्या नंबरवर फोन करून एचआरला पत्राचा क्रमांक सांगा. सरकारी पद असेल तर त्या खात्याच्या साइटवर जाहिरात शोधा. रेल्वेची भरती म्हणणाऱ्याला रेल्वे भरती मंडळाचा जाहिरात क्रमांक विचारा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. समोरचा ‘तिथे विचारू नका, हे आतून चाललंय’ म्हणाला, तर तेवढ्यावरच निकाल लागला.

‘एजंट रजिस्टर्ड आहे’

कसला रजिस्टर्ड? दुकानाचा परवानाही रजिस्टर्डच असतो. परदेशी कामगार पाठवायला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो, त्याचा क्रमांक जाहिरातीत द्यावा लागतो आणि तो ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. परवानाधारक एजंटालाही कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, पावती देऊन. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून आखातात जाणाऱ्यांकडून लाख-दीड लाख घेताना हा आकडा कोणी उच्चारत नाही. परवाना मुंबईतल्या ऑफिसचा आणि पैसे गोळा करणारा गावातला ‘आपला माणूस’, ही जोडी तर हमखास. त्या आपल्या माणसाकडे स्वतःचा परवाना नसतो, आणि तसं काम करणं बेकायदा आहे. ‘आता टूरिस्ट व्हिसावर जा, तिकडे वर्क परमिट करून देतो’ हे वाक्य ऐकलं की पासपोर्ट परत मागून घ्यायचा. १८०० ११ ३०९० हा प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री क्रमांक आहे.

जहाजावरच्या नोकरीला वेगळा नियम आहे, आणि नवी मुंबईत बेलापूरच्या आसपास सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. जहाजावर माणसं लावणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो, आणि नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून तिने एक रुपयाही घेता कामा नये. कमाल मर्यादा वगैरे काही नाही, सरळ शून्य. महासंचालनालयाच्या साइटवर परवान्यांची यादी आहे. बारावी झालेल्या पोराला ‘सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) काढून देतो, जहाज मिळवून देतो, चार लाख’ म्हणणाऱ्याने या एका वाक्यात नियम मोडल्याची कबुलीच दिलेली असते.

‘हव्यास करणारेच फसतात’

दिल्लीत डबे मोजणाऱ्यांत बहुतेक इंजिनिअरिंगचे पदवीधर होते. म्यानमारच्या इशाऱ्यात मंत्रालयाने ‘आयटीत कुशल तरुण’ असाच उल्लेख केला होता. तीस हजारांची नोकरी मागणं हा हव्यास असेल तर मग बोलणंच खुंटलं. या टोल्याचा खरा उपयोग ठगाला होतो, कारण फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो.

‘तक्रार करून काय होणार’

उशिरा केली तर फारसं नाही, हे खरं. आपण स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे बँक सहसा ‘अनधिकृत व्यवहार’ धरत नाही. पण पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरत असतानाच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन गेला, तर मधल्या खात्यात रक्कम अडवता येते. म्हणून आधी फोन, नंतर रडारड. चॅट डिलीट करू नका, ज्या-ज्या नावावर पैसे गेले त्याचे संदर्भ क्रमांक लिहून काढा. पोलीस ठाण्यात ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणाले तर झिरो एफआयआर मागा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवावा लागतो. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा.

सगळ्यात कमी तक्रारी येतात त्या ‘सेटिंग’ लावायला पैसे दिलेल्यांकडून. वशिल्यासाठी दिले, आता आपणच अडकू, ही भीती. दलाल ती भीती पहिल्या दिवसापासून पेरतो: ‘कोणाला बोलू नका, तुमच्यावरही केस होईल.’ दिल्लीच्या प्रकरणात पोलिसांकडे गेला तो ७८ वर्षांचा माजी सैनिक. त्या मुलांना त्या टोळीपर्यंत त्यानेच पोचवलं होतं. आपल्यालाही काही माहीत नव्हतं, असं त्याचं म्हणणं. तो गेला म्हणून २८ जणांचं प्रकरण बाहेर आलं.