‘क्षुल्लक कारणावरून’

काल रात्री सासूबाई मटार सोलत मालिका बघत होत्या. नवऱ्याने बायकोच्या मुस्काटात मारली. तीच थप्पड पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूने, मागे विजांचा कडकडाट. सासूबाईंचा हात काही थांबला नाही. "हिनंही जरा तोंड आवरायला हवं होतं," म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली. ह्या बाईंनी जन्मात कुणावर आवाज चढवलेला नाही.

मी वाद घालणार होते. पण मग माझंच जुनं काम आठवलं.

सात वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर होते. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’, ‘जेवण वेळेवर न दिल्याने पत्नीवर वार’ अशी किती शीर्षकं दिली, मोजदाद नाही. त्यातलं लाडकं म्हणजे ‘क्षुल्लक कारणावरून’. दोन कॉलमांत चपखल बसायचं. कारण मोठं असतं तर खून चालला असता का, हा प्रश्न पान लावायच्या घाईत कधी पडलाच नाही.

आणि हे कारण यायचं कुठून? बाई तर गेलेली. आरोपी पोलिसांना सांगणार, पोलीस बातमीदाराला, बातमीदार मला. म्हणजे मारणाऱ्याची सबब हातोहात फिरून आमच्याकडे शीर्षक व्हायची. शेजाऱ्याने डोकं फोडलं तर ‘मारहाण’, नवऱ्याने फोडलं तर ‘कौटुंबिक वाद’. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने टोमणे, पैसे अडवणं, घराबाहेर काढणं हाही हिंसाचारच ठरवलाय. पण त्याची बातमी कोण करतो? आमच्या पानावर बाई यायची ती पंचनाम्यासकटच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) एक प्रश्न आहे: अमुक कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे का? सात कारणं दिलीत. न सांगता बाहेर गेली, स्वयंपाक नीट केला नाही, उलट बोलली, संशय आला... वाचताना वाटलं, ही तर आमच्या शीर्षकांचीच यादी! निदान एका कारणाला ‘हो’ म्हणणाऱ्या बायका ४५ टक्के, पुरुष ४४. बायकांच्या लेखी सगळ्यात वजनदार कारण कोणतं, तर सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणं.

म्हणून टीव्हीच फोडून टाका, असं मी म्हणणार नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. पाच राज्यांतल्या खेड्यांचा, त्यात आपलं गोवाही आहे. जिथे केबल नव्याने आली, तिथे नवऱ्याच्या माराला योग्य म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या. मला हे आधी पटेना, त्या काळच्या मालिका म्हणजे भरजरी साड्या आणि कारस्थानं! पण त्यातल्या बायका घराबाहेर पडत होत्या, शिकलेल्या होत्या, पैसे हाताळत होत्या. तेवढं दिसलं तरी फरक पडतो म्हणे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी एकदा नुसतं ‘पतीकडून पत्नीचा खून’ असं शीर्षक दिलं होतं. वरिष्ठ म्हणाले, "अगं, कारण टाक की. कारणाशिवाय कोण वाचणार?"

टाकलं. भाजी खारट झाली होती. तिचं नाव चौथ्या ओळीत गेलं.