कापसाचा बाजार १९९१ मध्ये उघडला नाही

कापूस वेचणीला आला की वऱ्हाडातल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: १९९१ पूर्वी विदर्भातला शेतकरी राजा होता, कारण त्याचा कापूस देशातच विकला जाई, जागतिकीकरणाबरोबर परदेशी कापूस आणि परदेशी बियाणे आले, त्यातून कर्ज आणि आत्महत्या आल्या, म्हणून दारे बंद करा, जुने दिवस परत येतील. या संदेशामागची व्यथा खरी आहे. त्यातली विधाने मात्र एकेक करून तपासली तर बहुतेक टिकत नाहीत, आणि जे टिकते त्यातून दारे बंद करण्याचा सल्ला निघत नाही.

आधी ‘देशातच विकला जाई’ हे पाहू. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून वेगळा फाटा निघाला, आणि पुढे यवतमाळ व अचलपूर मूर्तिजापूरला जोडणारी शकुंतला रेल्वे एका ब्रिटिश कंपनीने बांधली तीही कापूस बंदरापर्यंत नेण्यासाठीच. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. भाव परदेशात ठरायचा आणि तो पडला की भार इथल्या कुणब्याने सोसायचा, ही रीत तेव्हापासूनची आहे.

‘राजा होता’ म्हणणाऱ्यांना एकाधिकार खरेदी आठवत नसावी. १९७२ पासून राज्यात कापूस सरकारी यंत्रणेलाच विकण्याची सक्ती होती. या योजनेने मंदीच्या वर्षांत आधार दिला, हे मान्य केले पाहिजे. पण चुकारे रखडत, आणि पलीकडे तेव्हाच्या आंध्रातल्या आदिलाबादला चार पैसे जास्त मिळत असले तरी स्वतःच्या शेतातला कापूस सीमेपलीकडे नेणारा शेतकरी तस्कर ठरे. विदर्भातली पहिली नोंदलेली शेतकरी आत्महत्या म्हणून जिचा उल्लेख होतो, ती चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबाची घटना १९ मार्च १९८६ ची आहे. तेव्हा उदारीकरणाला पाच वर्षे अवकाश होता. नागपूरची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी आजारी पडून राज्य सरकारच्या ताब्यात गेली तेही १९८६ मध्येच.

परदेशी कापसाने भाव पाडला, या विधानात मात्र तथ्य आहे. २००१ मध्ये जागतिक भाव पौंडामागे ४० सेंटच्या खाली गेला आणि अमेरिका आपल्या मोजक्या कापूस उत्पादकांना भरघोस अनुदान देत राहिली. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, ती जिंकली, आणि २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. ते पैसे ब्राझीलच्या कापूस क्षेत्राला मिळाले. आपल्याकडे तेव्हा घोषणा तेवढ्या झाल्या.

पण त्याच बाजाराने दिलेली वर्षे हा संदेश गाळतो. २०११ च्या सुरुवातीला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ३,००० रुपये असताना विदर्भात कापूस सहा-सात हजारांवर गेला. २०२२ मध्ये हमीभाव ६,०२५ होता आणि बाजारात दहा हजारांच्या वर भाव मिळाला. दोन्ही वेळा तेजी जागतिक होती. आणि तेजी आली की काय होते पाहा: २०१०-११ मध्ये निर्यातीवर ५५ लाख गाठींची मर्यादा आली, ५ मार्च २०१२ रोजी निर्यातबंदीच झाली (ओरड झाल्यावर आठवडाभरात मागे घेतली गेली), एप्रिल २०२२ मध्ये ११ टक्के आयातशुल्क माफ झाले. २०२५ मध्ये तर तेजीही नव्हती. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लादला, कापड निर्यातदारांना दिलासा हवा होता, म्हणून १९ ऑगस्टपासून आयातशुल्क काढले आणि सवलत वाढवत ३१ डिसेंबरपर्यंत नेली. हिंगणघाट-राळेगावकडचा कापूस नेमका याच काळात घरात येतो.

अशा वेळी हमीभाव आहे ना, असे म्हटले जाते. तो ८,११० रुपये होता, पण सीसीआयच्या (सरकारी भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तरच पूर्ण. त्यापुढे कपात आणि १२ टक्क्यांवर गाडी परत. पहिल्या वेच्याचा कापूस ओला असतो आणि वेचणीची मजुरी, कृषी केंद्राची उधारी त्याच आठवड्यात द्यायची असते. मग ज्याला थांबणे परवडत नाही तो खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, दारातच मोजून देतो.

शिवाय भाव केवळ रुईवर, म्हणजे सरकी काढलेल्या कापसावर, ठरत नाही. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, उरलेली बहुतांश सरकी. सरकीचा दर तेलावर आणि ढेपेवर (तेल काढून उरलेल्या पेंडीवर), तेलाचा दर इंडोनेशिया-मलेशियातून येणाऱ्या पामतेलावर. परदेशी गाठ एकही आली नाही तरी पामतेलाचे शुल्क उतरले की त्याची झळ कापसाला बसतेच.

बियाण्याबद्दल थोडक्यात. दरवर्षी बियाणे विकत घेणे बीटीने (बोंडअळीला रोखणारे जनुक घातलेल्या बियाण्याने) सुरू झाले नाही. १९७० मध्ये गुजरातेत तयार झालेल्या एच-४ या संकरित वाणापासून ते चालत आले आहे. २००२ मध्ये बीटी आले तेव्हा सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या; पुढे गुलाबी बोंडअळी त्याला जुमानेनाशी झाली आणि २०१७ मध्ये तिने शिवारेच्या शिवारे पोखरली. बीटी फक्त संकरित वाणांतच देण्याचा, म्हणजे घरचे बी राखता येऊ नये अशा रूपात देण्याचा निर्णय मात्र इथल्या कंपन्यांनी घेतला आणि इथल्या शासनाने तो चालू दिला.

राहिला ‘दारे बंद करा’ हा सल्ला. आपल्या कापसाचा मोठा हिस्सा सूत आणि कापड होऊन परदेशी जातो; ती वाट बंद झाली तर सर्वांत आधी कापसातून सरकी वेगळी करणारा जिनिंगवाला खरेदी थांबवील. वरूड-मोर्शीच्या संत्रा बागाईतदारांनी हे सोसले आहे: बांगलादेशाने आयातकर चढवत नेला आणि इथे संत्र्याला गिऱ्हाईक उरेना. तेव्हा मागायचेच असेल तर हे मागावे की कापूस, तूर आणि खाद्यतेलाचे आयातशुल्क मेअखेर, म्हणजे पेरणीपूर्वी जाहीर व्हावे, मार्चपर्यंत त्याला कोणी हात लावू नये, आणि गिरण्यांसाठी ते मध्येच उतरवायचेच ठरले तर पडलेल्या भावाचा फरक सरकारने थेट शेतकऱ्याच्या खात्यात भरावा.